गुळणीवहिनीच्या निळ्या बाटल्या

तिला खरं नाव होतं, पण ते घ्यायला फुरसत कुणाला होती! अख्खी इमारत तिला गुळणीवहिनी म्हणायची आणि तीही बिनतक्रार ओ द्यायची. नाव ठेवलं समोरच्या दारातल्या शिवणवालीने, जिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा जास्त चालते. पण खरं सांगायचं तर या वेळी तिने अगदी मापात बेतलं होतं.

वहिनी दातांच्या दवाखान्यात कामाला होती. लादी पुसायची, बेसिन घासायचं, पेशंटसाठी कागदी पेले भरून ठेवायचे. तिथे औषध कंपनीचा माणूस माउथवॉशची खोकी आणून टाकायचा. निळं पाणी, निळी बाटली, वर पांढरं टोपण. त्यातल्या तारीख उलटायला आलेल्या बाटल्या डॉक्टरमॅडम बाजूला काढायच्या आणि म्हणायच्या, "मावशी, घेऊन जा, नाहीतर फेकून द्या."

फेकून द्या! जी बाई तुटलेल्या बादलीची कडी काढून खिडकीला लावते, ती भरलेली बाटली फेकणार? फुकट ते पौष्टिक. पिशवी भरून बाटल्या घरी यायला लागल्या.

आता माणसं तीन, तोंडं तीन, गुळण्या करून करून किती करणार? मग वहिनीचं डोकं चालायला लागलं, आणि एकदा चाललं की ते थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. संडासाच्या भांड्यात ओतून बघितलं, तर वास गेला. कचऱ्याच्या डब्याच्या तळाला बोळा भिजवून ठेवला, तर चिलटं कमी झाली. दात घासायचे ब्रश रात्रभर पेल्यात बुडवून ठेवायचे. बेसिनचा आरसा पुसायचा. फुलदाणीच्या पाण्यात एक टोपण टाकलं की पाणी लवकर कुजत नाही म्हणे. नवऱ्याचे घामट शर्ट भिजवायच्या बादलीत टोपणभर, दाढी झाल्यावर गालाला चार थेंब, काखेत बोळा. सासूबाईंच्या पायाच्या बोटांमध्ये खाज सुटायची, तर त्यांना घमेल्यात पाय सोडून बसवायची. एवढ्यावर थांबेल ती वहिनी कसली! सासूबाईंच्या केसांत कोंडा झाला, तर तिने तेही धुतले. म्हातारीच्या पांढऱ्याशुभ्र केसांवर निळी झाक आली ती आठवडाभर जाईना.

"म्हातारपणी मला मोर केलंस गं बये!" सासूबाई आरशात बघून ओरडल्या.

शिवणवाली तर हसून हसून भिंतीला टेकली. "वहिनी, आमटीला फोडणी तेवढी देऊ नका हं त्याची."

"हसा, हसा," वहिनी म्हणायची. "तुमच्या घरात शिरलं की नाकाला पदर लावावा लागतो. माझ्या घरात लावावा लागतो का?"

नव्हता लागत, हे मात्र खरं. आणि वहिनीच्या घराला वास येत नाही ही साधी गोष्ट नव्हती, कारण त्या घराला एकेकाळी फार वाईट वास यायचा.

नवरा काच कापायचा. चुलत दिराच्या दुकानात आरसे, खिडक्यांची तावदानं, टेबलावरच्या काचा. हे काम वरून सोपं दिसतं. काच कापायचा हिरा हातात धरायचा, पट्टीला लावायचा आणि एका दमात रेघ ओढायची. मध्ये थांबायचं नाही, परत फिरवायचा नाही. हात हलला की काच वाया. त्याचा हात असा होता की गिऱ्हाईक बोलायचं थांबून बघत राहायचं. आणि मग दारू आली. हात हलायला लागला, काचा वाया जायला लागल्या, आणि एके दिवशी दाराएवढ्या आरशावर तो स्वतःच कोसळला. हात मनगटापासून कोपरापर्यंत फाटला. इस्पितळातून आला तो तिथल्या डॉक्टरांकडून दारू सोडवण्याचे उपचार घेऊनच आला. दीर भला माणूस, परत कामावर घेतलं.

त्या वेळी वहिनीने घर साफ केलं. त्याचा प्यायचा पेला फोडून टाकला. खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा ओतून दिली, कारण कुणीतरी सांगितलं होतं की त्यातही असते. दवाखान्यातलं स्पिरिट हाताला लागलं तर साबणाने दोनदा हात धुऊन मग घरी यायची. आणि सासूसमोर, नवऱ्यासमोर उभी राहून म्हणाली, "आजपासून एक थेंब जरी तुमच्या तोंडात गेला, तर मी या घरात नाही. आईंची शपथ नको, कुणाची शपथ नको. मी बोलते ते करते."

हे दोघांनाही माहीत होतं. ती बोलायची ते करायची.

पण नुसत्या शब्दावर विसंबेल तर ती वहिनी नव्हे. दुधाने तोंड पोळलेली बाई ती. रोज संध्याकाळी नवरा दारात आला की चपला काढायच्या आधी ती समोर उभी राहायची. "हा करा बघू."

तो मान खाली घालून तोंड उघडायचा आणि "हा" करायचा. शिवणवालीचं दार उघडं असलं तरी करायचा. वहिनी वास घ्यायची. पुदिन्यासारखा थंडगार वास यायचा. तिचा जीव भांड्यात पडायचा. "या आत," म्हणायची आणि चहा टाकायची. त्या वासाचं तिला एवढं कौतुक, की तिने स्वतःच्या हाताने एक छोटी बाटली त्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांशी बोलता, तोंड स्वच्छ असावं म्हणून.

तो मात्र त्या वासावर कुरकुर करायचा. अगदी सुरुवातीपासून.

"अगं, हा वास जरा कमी कर घरातला. डोकं उठतं माझं."

"याने डोकं उठतं? आणि पूर्वी ज्या वासात लोळत होतात, त्याने नव्हतं उठत वाटतं?"

तो पुन्हा एकदा म्हणाला, आणि या वेळी आवाज जरा वेगळा होता, पण वहिनी तेव्हा फुलदाणी धूत होती. "शर्टाला तोच वास, उशीला तोच, बेसिनपाशी तोच. मी जाऊ कुठे?"

"जिन्यात जाऊन बसा," वहिनी हसून म्हणाली. "नाजूक नार कुठली!"

आणि तो खरोखरच जिन्यात जाऊन बसला. जेवायची वेळ होईपर्यंत बसला. वहिनीला वाटलं, रुसला असेल. पुरुष रुसले की भुकेपर्यंतच टिकतात.

त्यानंतर त्याने कुरकुर करायचं सोडलं. हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला बरंच वाटलं.

मग बाटल्या लवकर संपायला लागल्या.

टोपणाटोपणाने वापरणारी बाई, तिला कळल्याशिवाय राहील? बेसिनखालची बाटली कालपरवाच फोडलेली, आणि आज तळाला! वहिनीने वळून बघितलं ते थेट सासूबाईंच्या घमेल्याकडे.

"आई, पाय बुडवता की पोहायला उतरता?"

"टोपणभर घेते गं मी. तूच तर सांगितलंस."

"मग बाटली काय भिंत पिते?"

"मला काय माहीत! मला जसं सांगितलं तसं मी करते."

रोज तेच. वहिनीने बाटली वरच्या फळीवर ठेवली, जिथे म्हातारीचा हात पोचत नव्हता. तरी ती संपली. वहिनीला वाटलं, म्हातारी स्टुलावर चढते. पडली म्हणजे? आता तर ती रागाने लाल झाली. "आई, या वयात स्टुलावर चढून हाडं मोडून घ्यायचीत? सरळ सांगा ना, जास्त लागतं म्हणून! खोटं कशाला बोलता?"

त्या दिवशी सासूबाई एकदम म्हणाल्या, "हो, मीच ओतते. चढते स्टुलावर. काय करणार आहेस? फासावर देणार आहेस?"

वहिनीला आपण जिंकलो असं वाटलं. शिवणवालीलाही जाऊन सांगितलं, की शेवटी कबूल झाली बाई म्हातारी! आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशातली गत. दळणारी मात्र स्वतःला मोठी डोळस समजत होती.

त्याच सुमाराला नवऱ्याच्या अंगठ्याला काच लागली. मग तळहाताला. पोटात जळजळतं म्हणायचा, अर्धं ताट तसंच ठेवायचा. दीर एकदा रस्त्यात भेटला तर म्हणाला, "वहिनी, याला जरा विश्रांती द्या. कालपासून दोन आरसे गेले." त्या रात्री तिने त्याचे खिसे उलटे केले, गादी उचलली, माळ्यावरचे डबे उघडले, पाण्याच्या टाकीमागे हात घालून बघितला. काही नाही. दुसऱ्या संध्याकाळी दारात दोनदा "हा" करायला लावलं. पुदिना. स्वच्छ, थंडगार पुदिना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा बिचारी रोज घालत होती.

आणि मग दवाखान्यात तो रंगारी आला.

भिंती रंगवणारा माणूस, नखांत पांढरा रंग, हिरड्यांतून रक्त येतं म्हणून दात साफ करून घ्यायला आलेला. काम झालं, मॅडमनी त्याच्या हातात निळी बाटली दिली, सकाळ-संध्याकाळ गुळणी करा म्हणाल्या. रंगाऱ्याने बाटली हातात धरली, उलटीपालटी केली आणि हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर, एक विचारू? मी पिणं सोडलंय. यात तसलं काही नाही ना?"

वहिनी बेसिन पुसत होती. पाठमोरी.

"बरं झालं विचारलंत," मॅडम म्हणाल्या. "आहे. यात अल्कोहोल आहे. गुळणी करून थुंकून टाकणाऱ्याला काही होत नाही. पण तुम्ही हे घरात ठेवूसुद्धा नका. काही लोक पितात हो हे. पिणाऱ्याला दुसरं काही मिळालं नाही की हे चालतं. आणि यातली बाकीची औषधं पोटात जायची नसतात, ती आतून वाट लावतात. थांबा, तुम्हाला अल्कोहोल नसलेलं देते."

वहिनीच्या हातातलं फडकं बेसिनमध्येच राहिलं. आधी तिला काही वाटलंच नाही. नुसतं ऐकू आलं. मग एकेक गोष्ट येऊन उभी राहिली. वरच्या फळीवरची बाटली. अंगठ्याची पट्टी. अर्धं ताट. "मी जाऊ कुठे?" असं विचारणारा तो आवाज. आणि दारातला तो "हा," जो ती रोज छाती भरून घेत होती.

"मॅडम," तिने रंगारी गेल्यावर विचारलं, "त्या निळ्या सगळ्या बाटल्यांत असतं ते?"

"या सगळ्यांत. का हो मावशी?"

"काही नाही," वहिनी म्हणाली. आणि पुढच्या क्षणी, "मॅडम, मी घरी जाते," म्हणाली. मॅडमनी तिचा चेहरा बघितला आणि जाऊ दिलं.

घरी सासूबाई खिडकीपाशी भाजी निवडत बसल्या होत्या. वहिनीने पिशवी खाली ठेवली आणि पुढ्यात बसली.

"आई, पायाला किती घेता तुम्ही?"

सासूबाईंनी देठं बाजूला केली. तिच्याकडे बघितलं नाही. "टोपणभर. पहिल्यापासून."

"मग का म्हणालात, मीच ओतते म्हणून?"

म्हातारीने भाजी खाली ठेवली. मग बोलली. "दार अर्धं उघडं होतं. तो बेसिनपाशी उभा होता, तोंड भरलेलं. मला वाटलं थुंकेल. त्याचा गळा वरखाली झाला. मग त्याने हात पुढे धरून बघितले. थरथरत होते ते थांबले. मला काय कळतं त्या पाण्यातलं? पण आई आहे मी त्याची. एवढं कळलं."

"आणि मला नाही सांगितलंत?" वहिनीचा आवाज चढला. "मी रोज पिशवी भरभरून आणते, आणि तुम्ही बघत बसलात?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस. तू बोललीस ते करणारी आहेस." म्हातारीचे डोळे भरले. "तू गेल्यावर त्याचं काय राहिलं असतं? आणि माझं? म्हटलं, मला चार शिव्या दे, चोर म्हण, पण घरात राहा."

चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती वहिनीने, आणि संन्यासी आपण होऊन सुळावर चढला होता. तिला रडू आलं नाही. राग आला, भयंकर राग आला. नवऱ्याचा आला, सासूचा आला, त्या कंपनीच्या माणसाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. खोकल्याचं औषध ओतून देणारी शहाणी! त्याच्या डब्यात कुणी ठेवली बाटली? त्याच्या गालाला, उशीला, शर्टाला कुणी फासला तो वास? ज्या माणसाने जिवाच्या कराराने त्या गोष्टीकडे पाठ फिरवली होती, त्याच्या भोवती तिने ती चारी बाजूंनी उभी केली होती, आणि वर त्याला नाजूक नार म्हणाली होती.

तिने उठून घरातल्या सगळ्या बाटल्या गोळा केल्या. बेसिनखालची, फळीवरची, माळ्यावरच्या नव्या कोऱ्या. ओट्यावर ओळीने मांडल्या.

संध्याकाळी तो आला. दारात थांबला, मान खाली घातली आणि सवयीने तोंड उघडलं. वहिनी पुढे झाली नाही. त्याने वर बघितलं, तिच्या खांद्यावरून आत बघितलं, आणि ओट्यावरची ओळ त्याला दिसली. उघडलेलं तोंड त्याने हळूच मिटलं.

"पहिल्यांदा खरंच गुळणीच केली," तो म्हणाला. "थुंकायला वाकलो, आणि थुंकलोच नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगत होतो ना. वास सहन होत नाही म्हणून."

"ते काय सांगणं झालं? नीट सांगायचं होतं!"

"नीट कसं सांगू?" तो कळवळून म्हणाला. "माझ्या तोंडाला पाणी सुटतं, असं सांगू? तुला? दारात रोज माझा वास घेणाऱ्या बाईला?"

वहिनी ओट्याकडे वळली, पहिल्या बाटलीचं टोपण काढलं आणि मोरीत उपडी केली. मग दुसरी. सासूबाई पाठीमागून तांब्याने पाणी घालत होत्या. निळं पाणी भोवऱ्यासारखं फिरून जाळीतून जात होतं, आणि घरभर तो वास असा काही उठला की डोळ्यांना झोंबायला लागला. सगळ्या बाटल्यांमधून एकदम. या घरातला कुठलाही वास घालवायचा तर वहिनी हेच ओतायची. आता हाच घालवायचा तर काय ओतायचं, तिला सुचेना.

नवरा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. "मी इथे नाही थांबू शकत," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

बाटली तशीच टाकून वहिनी बाहेर धावली. तो कुठेही गेला नव्हता. जिन्यात बसला होता, वरून तिसऱ्या पायरीवर, जिथे ती त्याला बसायला सांगून हसली होती.

शिवणवाली दारात आली, नाक वर करून म्हणाली, "वहिनी, आज काय अख्खी इमारत धुताय का?" मग तिने दोघांची तोंडं बघितली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुढचं काही न बोलता दार लावून घेतलं.

वहिनी त्याच्या शेजारी जाऊन बसली. पायरी अरुंद होती. दोघांचे खांदे एकमेकांना लागत होते.

"जाणार आहेस?" त्याने विचारलं.

बोलली ते करणारी बाई होती ती, आणि हे तिला सोपं नव्हतं. "एक थेंब म्हणाले होते मी," ती शेवटी म्हणाली. "तो थेंब मीच आणला. मी कुठल्या तोंडाने जाऊ?" मग म्हणाली, "सकाळी त्या इस्पितळातल्या डॉक्टरांकडे जायचं. मी येणार बरोबर. दीरांना मी सांगते. काच नको काही दिवस हातात."

त्याने मान हलवली. हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले होते. वरून सासूबाईंच्या पाणी ओतण्याचा आवाज येत होता.

मग तो तिच्याकडे वळला आणि कुणी न सांगता त्याने तोंड उघडलं. "हा."

वहिनीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "नको. वासावर माझा विश्वास राहिला नाही. तुम्ही सांगा. तुम्ही जे सांगाल ते खरं."

तिने हात काढला.

"सकाळी प्यायलो," तो म्हणाला. "दुपारी दुकानात प्यायलो. डब्याच्या पिशवीत अजून थोडं आहे."

तिने पिशवी मागितली, आणि त्याने ती दिली.